जुन्या सुट्या भागांतून टीव्हीसाठी संगणक : चित्र अडखळू नये म्हणून काय करावे

घरात पडून असलेले संगणकाचे जुने भाग जोडून टीव्हीसाठी वेगळा संगणक उभा करणे हे एका रविवारचे काम आहे. मात्र त्यावर चित्रपट न अडखळता दिसू लागेपर्यंत अनेकांचे महिने जातात, आणि त्या काळात त्यांना मिळणारा सल्ला जवळजवळ नेहमी सारखाच असतो : रॅम वाढवा, नाहीतर नवे ग्राफिक्स कार्ड घाला. स्वतःसाठी आणि नातेवाइकांसाठी अशी यंत्रे वारंवार जोडल्यानंतर हा सल्ला मला सरळ चुकीचा वाटतो. दोष बहुतेक वेळा यंत्राच्या ताकदीत नसतो, तर संगणक टीव्हीला सेकंदाला किती वेळा चित्र पाठवतो या हिशेबात असतो.

भाग निवडताना फार विचार करावा लागत नाही. इंटेलचा चौथ्या पिढीचा, म्हणजे 2013 च्या सुमाराचा, कोअर आय-3 प्रोसेसर, त्याचाच मदरबोर्ड, 4 जीबी रॅम आणि एखादी लहान एसएसडी (फायली साठवणारा ड्राइव्ह) एवढे साहित्य 1080पी, म्हणजे फुल एचडी, चित्रपटांसाठी पुरेसे आहे, कारण एच.264 या चित्रफीत दाबून साठवण्याच्या पद्धतीच्या फायली उलगडण्याची सोय त्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्समध्येच आहे. 4के चित्रपटांच्या फायली मात्र बहुधा 10-बिट एचईव्हीसी या त्यानंतरच्या पद्धतीच्या असतात आणि त्या नीट उलगडण्याची सोय इंटेलने सातव्या पिढीपासून दिली. त्यामुळे जुन्या यंत्राकडून 4के ची अपेक्षा ठेवू नये आणि त्यासाठी नवे कार्डही घेऊ नये; तेवढे पैसे खर्च करायचेच असतील, तर जुने भाग वापरण्यात अर्थ उरत नाही.

काटकसर करू नये अशी एकच जागा आहे आणि ती म्हणजे एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा. मदरबोर्डवरील कपॅसिटरची (विद्युतभार साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली किंवा त्यांतून तपकिरी द्रव आलेला दिसला, तर तो बोर्ड वापरू नये. एसएमपीएसमधून जळका वास येत असेल, तर तो उघडून पाहण्याच्याही भानगडीत पडू नये, कारण वीज बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहू शकतो. अनेक जुन्या एसएमपीएसच्या मागे 115 आणि 230 असे आकडे असलेला लाल खटका असतो. तो 230 वर आहे याची खात्री केल्याशिवाय प्लग लावू नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात चांगला एसएमपीएस मिळतो. त्याच फेरीत मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल, प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमध्ये लावायच्या थर्मल पेस्टची नळी आणि 120 मिलिमीटरचा एक मोठा पंखा आणावा. लहान पंखा तेवढीच हवा देण्यासाठी जास्त वेगाने फिरतो, आणि दिवाणखान्यात त्याचा आवाज शांत प्रसंगांमध्ये नको होतो.

जोडणी नेहमीसारखीच करावी. जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी वाटाण्याएवढी लावावी.

प्रणाली म्हणून मी लिब्रेईएलईसी घालतो. ती सुरू होताच थेट कोडी हा चित्रपट चालवणारा प्रोग्राम उघडते आणि तिला फारशी रॅम लागत नाही. पेन ड्राइव्हवरून ती एसएसडीवर घालताना त्या एसएसडीवरील सर्व काही पुसले जाते, हे आधी लक्षात घ्यावे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असल्याने जुन्या यंत्रावर ती नव्याने घालण्याचा सल्ला मी देत नाही. ओटीटी सेवा टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये पाहाव्यात. हे यंत्र आपल्या संग्रहातील फायलींसाठी आहे. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडावे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. माझ्या पहिल्या यंत्रावर कोकणातल्या रस्त्याचे एक दृश्य लागले होते. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत होता, पण माडांची खोडे त्याबरोबर सरकण्याऐवजी बारीक हिसके खात पुढे जात होती. शेवटची श्रेयनामावली वर सरकतानाही अक्षरांच्या कडा थरथरत होत्या. मी रॅम 4 वरून 8 जीबी केली. काही फरक पडला नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून ग्राफिक्स कार्ड घेतले; तरीही खोडे तशीच उडत राहिली. अखेर चित्रपट चालू असताना कळफलकावरील 'ओ' हे इंग्रजी अक्षर दाबले, तेव्हा पडद्यावर आलेल्या माहितीत डीकोडरपुढे (फाइल उलगडणाऱ्या भागापुढे) 'एचडब्ल्यू', म्हणजे हे काम ग्राफिक्स करत आहे, असे लिहिलेले होते आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला होता. यंत्रावर ताण नव्हताच. ही तपासणी मी पहिल्या दिवशी केली असती, तर दोन्ही खरेद्या वाचल्या असत्या. म्हणून काहीही विकत घेण्याआधी ती करावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

कारण साध्या भागाकारात आहे. चित्रपटात सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रे, असतात आणि संगणक टीव्हीला सामान्यतः सेकंदाला 60 वेळा चित्र पाठवतो. साठाला चोवीसने भागले की अडीच येतात, आणि अर्धे चित्र तर पाठवता येत नाही. त्यामुळे एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा, असे आळीपाळीने चालते. एक फ्रेम सेकंदाचा विसावा भाग टिकते, तर दुसरी तिसावा भाग, आणि हीच असमानता डोळ्याला हिसक्यासारखी जाणवते. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते : भारतातील दूरचित्रवाणी 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 वेळांच्या, पद्धतीची असल्याने मालिकांची मुद्रणे आणि लग्नाच्या जुन्या डीव्हीडी 25 फ्रेमच्या असतात, तर मोबाइलवर घेतलेली चित्रफीत बहुधा 30 ची असते. एकच आकडा कायमचा ठरवून हे तिन्ही सुरळीत चालणे शक्य नाही.

उपाय कोडीमध्येच आहे, पण तो मुळात बंद ठेवलेला असतो. सेटिंग्जमध्ये डाव्या कोपऱ्यात खाली असलेली पातळी आधी 'एक्स्पर्ट' करावी. मग 'प्लेअर'मधील 'व्हिडिओज' विभागात 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' समोर 'ऑन स्टार्ट / स्टॉप' निवडावे, म्हणजे प्रत्येक फाइलनुसार टीव्हीचा दर बदलेल. त्यानंतर 'सिस्टिम'मधील 'डिस्प्ले' विभागात व्हाइटलिस्ट, म्हणजे कोडीला वापरता येतील अशा दरांची यादी, उघडून 1080पी चे 23.976, 24, 50, 59.94 आणि 60 एवढेच पर्याय ठेवावेत. ज्यांच्यापुढे इंग्रजी 'आय' (इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळी पाठवणारे) आहे ते निवडू नयेत. दर बदलताना टीव्ही दोन-तीन सेकंद काळा होतो आणि तेवढ्यात पात्रांचे पहिले शब्द निघून जातात, म्हणून तिथेच असलेला दरबदलानंतरचा विलंब तीन सेकंदांच्या आसपास ठेवावा.

23.976 हा आकडा किरकोळ समजून गाळू नये. अनेक चित्रपटांच्या फायली नेमक्या याच दराच्या असतात. टीव्ही पूर्ण 24 वर असेल, तर दर 42 सेकंदांच्या आसपास एक फ्रेम दोनदा दिसते. ठरावीक अंतराने एकच हिसका बसत असेल, तर आधी इथेच पाहावे.

काही जुने टीव्ही 24 स्वीकारतच नाहीत, पण 50 स्वीकारतात. तिथे व्हाइटलिस्टमधून 60 काढून टाकावे आणि 'प्लेअर'मधील 'सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले' (फाइलची गती टीव्हीच्या दराशी जुळवणे) चालू करावे. कोडी मग चित्रपट 25 फ्रेमच्या गतीने चालवते. 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो. मला ही किंचित वाढलेली गती हिसक्यांपेक्षा कितीतरी पत्करते. मात्र या मार्गात आवाज जसाच्या तसा अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवता येत नाही. टीव्हीच्या स्वतःच्या हालचाल गुळगुळीत करणाऱ्या सोयी दोन्ही मार्गांत बंद ठेवाव्यात.

बहुतेक ग्राफिक्सला टीव्हीच्या रिमोटचे संदेश एचडीएमआयमधून घेता येत नाहीत, म्हणून मोबाइलवर कोडीचे 'कोरे' हे रिमोटसारखे अ‍ॅप घालावे. मग एक चित्रपट, एक मालिका आणि एक मोबाइलची चित्रफीत लावून प्रत्येक वेळी टीव्हीच्या रिमोटवरील माहितीचे बटण दाबावे. आकडा बदललेला दिसला आणि श्रेयनामावली स्थिर सरकली, तरच कॅबिनेटचे झाकण लावावे.