झॉम्बी करायचाय, पण घरातला

शॉर्ट फिल्मवाली मुलं माझ्याकडे झॉम्बीच्या मेकअपसाठी येतात ती फोनवर फाटलेला गाल दाखवतच. "ताई, असा पाहिजे." गोष्ट विचारली की कळतं, बायको गेलेल्या माणसाची आहे. मग गाल कशाला फाडायचा? तिच्या कपाळावरची बट मागे सारायला नवऱ्याचा हात आपोआप पुढे झाला पाहिजे. तेवढा चेहरा शाबूत ठेवा, मग बाकीचं बघू.

आधी एक अडचण. आपल्या बहुतेक घरांत जाळतात, मग उठणार कोण? थडग्यातून वर येणारा हात त्यामुळे बाद. आपल्याकडची वेळ म्हणजे परदेशातला मुलगा येईपर्यंतची रात्र: हॉलमध्ये भाड्याने आणलेली थंड शवपेटी, सोफा भिंतीला सरकवलेला, नातेवाईक पेंगलेले. तिथे ती उठू दे.

बेस पांढरा लावू नका. सावळ्या कातडीवर पांढरा पॅनकेक, म्हणजे मेकअपचा जाड थर, हे गॅदरिंगमधलं भूत. अंगच्या रंगात थोडा राखाडी आणि थोडा मोहरी-पिवळा मिसळा, ओठांची लाली हिरवट करेक्टरने (लाली झाकणाऱ्या क्रीमने) मारा. कान आणि नखं हमखास राहतात. दिव्याखाली जिवंत माणसाचे कान लाल दिसतात आणि सगळं मुसळ केरात. टेस्ट घरातल्याच ट्यूबलाइटखाली घ्या.

जांभळा रंग बरेच जण तोंडाला फासतात. मेलेला माणूस उताणा असेल तर रक्त खाली उतरतं: मानेमागे, पाठीवर, पोटऱ्यांच्या मागे. जिथे शरीर टेकलेलं असतं, म्हणजे खवाटे, कुल्ले, तिथे मात्र फिकट राहतं. म्हणून चेहरा फिकटच ठेवा. ती पाठ करून स्वयंपाकघराकडे निघाली की ब्लाउजच्या गळ्यावरची जांभळट मान दिसू दे. थंड पेटीतल्या शरीरावर हे डाग गुलाबीकडे झुकतात, तेव्हा थोडा गुलाबी मिसळलात तर जाणकार खूश.

मेल्यावरचा ताठरपणा आधी पापण्या, जबडा आणि मानेत दिसतो, मग हातापायांत, आणि साधारण त्याच क्रमाने उतरतो. नटीला सांगा, जबडा घट्ट, बोलणं नाही. १९६८ साली दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या कृष्णधवल झॉम्बीपटात रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं. तुम्हाला रक्ताची गरजच नाही, तेवढेच पैसे वाचले. २०२४ च्या 'हँडलिंग द अनडेड' या नॉर्वेजियन सिनेमात आजोबा नातवाला उकरून घरी आणतात. तो पोरगा बोलत नाही, धावत नाही. तो बघा.

आता खरं काम. सवाष्ण गेली असेल तर मळवट, हिरव्या बांगड्या, नाकात कापूस, तोंडात तुळशीचं पान, पायांचे अंगठे बांधलेले. हे सगळं तिच्या अंगावर तसंच राहू दे, यापुढे लॅटेक्सची (पातळ रबराची) जखम फिकी. कापूस नाकपुडीच्या कडेलाच, विरळ, श्वास आला-गेला पाहिजे. कुंकू घामाने डोळ्यांत उतरतं, म्हणून भुवयांच्या वर व्हॅसलिनची पुसट रेघ ओढा. अंगठ्यांच्या दोऱ्याला कॅमेऱ्यासाठी वीतभर ढील आणि ओढली की सुटेल अशी गाठ; सोबत एक जण हात द्यायला उभा. ती बांधलेल्या पायांनी भिंत धरत येते आणि नवरा खाली बसून गाठ सोडवतो. एवढ्या शॉटवर तुमचा सिनेमा उभा राहील.

डोळ्यांसाठी ऑनलाइन स्वस्तातल्या पांढऱ्या लेन्स घेऊ नका, बुबुळाला इजा होते. पापण्या अर्ध्या मिटवा, कडेला किंचित राखाडी, बास. लॅटेक्स वापरायचंच असेल तर आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा, आणि डोळ्यांजवळ नको, अमोनियाने झोंबतं.

नवऱ्याचा मेकअप कोणी सांगत नाही, तो मी न सांगता करते. रुमालाने पुसून सोललेल्या नाकपुड्या, फुटलेले ओठ, दाढीचे खुंट, शर्टाच्या कॉलरला मळ. ग्लिसरीनचे अश्रू नकोत. बायकोपेक्षा तो जास्त मेलेला दिसला की माझं काम झालं.

उतरवताना कोमट पाणी आणि खोबरेल, लॅटेक्स ओढायचं नाही. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी कल्पना द्या, नाहीतर मळवटातली बाई लिफ्टमध्ये भेटली की शूटिंग तिथेच संपतं.