चर्चच्या समाजसेवेत येताय? आधी नोंदवही लिहायला शिका

धर्मप्रांताच्या (एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागाच्या) समाजसेवा केंद्रात नव्याने रुजू झालेल्या एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, मुलामुलींना हमखास पडणारा प्रश्न असा: इथे लोकांची कामं करून द्यायची, की धोरण बदलावं म्हणून सरकारकडे धरणं धरायचं? दोन्ही करायचं. मात्र दुसरं काम पहिल्याच्या कागदांवर उभं राहतं. मुंबईत ही वाट जुनीच आहे. नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाऊस हे समाजकेंद्र चालवणारे अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हेच १९३६ साली सुरू झालेल्या, आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे पहिले संचालक.

रेशनचंच घ्या, कारण केंद्रात रोज येणारी तक्रार तीच. सर्वांत गरीब घरांसाठीच्या अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. बाई येऊन सांगते, "धान्य कमी मिळतं." वहीत एवढंच उतरवलं तर त्या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. कार्डाचा प्रकार, बारा अंकी ऑनलाइन क्रमांक, घरात माणसं किती, ऑनलाइन नावं किती, कोणत्या महिन्यात किती किलो मिळालं, पावती मिळाली का आणि दुकानाचा क्रमांक, हे सगळं लिहून घ्या. प्राधान्य कार्डावर घरात सहा माणसं आणि ऑनलाइन चारच असतील, तर वीस किलो देणारा दुकानदार नियमानेच वागतोय; नावं चढवायला तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं लागेल. ऑनलाइन सहा असूनही वीसच किलो मिळत असेल, तर गळती दुकानात आहे. म्हाताऱ्या हातांचा अंगठा दुकानातल्या ई-पॉस (अंगठा घेऊन ओळख पटवणाऱ्या) यंत्रावर उमटत नाही, हा तिसराच प्रकार. तिन्ही तक्रारी एका रकान्यात कोंबल्या की निवेदन लिहिताना कुणाकडे काय मागायचं तेच सुचत नाही.

एका पाड्यातून एकाच प्रकारच्या वीस-पंचवीस नोंदी जमल्या, की तो एका घराचा प्रश्न राहत नाही. अन्न सुरक्षा कायदा, २०१३च्या कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्या वर राज्य अन्न आयोग. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील करायलाही ३० दिवस. नवे लोक "धान्य का दिलं नाही?" असं विचारतात आणि अर्ज वाया जातो. कारणमीमांसा करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. अमुक दुकानाच्या अमुक महिन्याच्या साठा नोंदवहीची प्रत मागा.

पालघर-रायगडकडे काम मिळालं, तर वनहक्काचे, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी म्हणून केलेले, दावे समोर येतील. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा आणि किमान दोन पुरावे हवेत. बहुतेक दावे अडतात ते तोंडी नकारावर. ठराव लेखीच मागायचा. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे जायला ६० दिवस असतात, आणि कागद हातात नसला तर ते निसटून जातात.

आता चर्चच्या आतलं. फादरांची काही वर्षांनी बदली होते आणि त्यांच्या ओळखींवर चाललेलं काम तिथेच थांबतं. म्हणून वही केंद्राच्या नावाने ठेवा, गावातल्या दोघीतिघींना ती लिहायला शिकवा. परदेशी निधीचा २०२०च्या कायदादुरुस्तीपासून कडक हिशोब आहे: प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. गावातल्या लहान मंडळाला "केंद्राकडून निधी मिळवून देऊ" असा शब्द देऊन बसू नका. धान्यवाटप किंवा अर्ज भरण्याच्या जागी प्रार्थनेची पुस्तिकाही ठेवू नये, असं आमचं ठाम मत आहे. मदत धर्म विचारून होत नाही, हे वाटपाच्या टेबलावरच दिसलं पाहिजे.

दलित ख्रिस्ती कुटुंब जातीच्या दाखल्यासाठी आलं तर फार जपून बोला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला तो याच प्रश्नावर. "धर्म लपवा, दाखला मिळेल" हा सल्ला कधीही देऊ नका: दाखला पुढे पडताळणीत रद्द होतो आणि मुलाची जागा जाते. त्याऐवजी शिक्षण, जमीन, काम, विहिरीवरची किंवा दफनभूमीतली वेगळी वागणूक, हे घरनिहाय टिपा. चर्चच्या आतला भेदही त्यात यायलाच हवा. तो गाळून केलेली मागणी अर्धीच खरी असते.

आमदारांकडे जायचं ते अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी. नागपूरचं हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात असतं, म्हणून दिवाळीच्या सुमारास एक पानाचं टिपण तयार ठेवा: वर एकच मागणी, खाली गावनिहाय आकडे, आणि मागे शिक्का मारलेल्या पोचींच्या प्रती.