चढली, तारेत, टुन्न: कोणता शब्द कोणाच्या तोंडी द्यायचा

मी 11 वर्षं डबिंगसाठी मराठी संवाद लिहितेय. नव्या लेखकांना शिव्या अवघड वाटतात, पण खरं तर त्यांचा पाय घसरतो तो पेंगणाऱ्या आणि प्यायलेल्या माणसांपाशी. मूळ पात्र एक छोटा शब्द बोलून मोकळं होतं, आणि आपल्याकडे त्या जागेसाठी पंचवीस-तीस शब्द रांगेत उभे असतात. मग त्यातला सगळ्यात चटपटीत उचलला जातो. तसं करू नका. शब्द नंतर बघा, आधी क्रियापद ठरवा.

"त्याला चढली." काय चढली? दारूचं नाव वाक्यात कुठेच नाही, पण ती स्त्रीलिंगी आहे हे क्रियापदाला पक्कं माहीत आहे. घेतली, लावली, लागली, उतरली, झेपली नाही: तिचं नाव न घेता आपण तासभर तिच्याबद्दल बोलू शकतो. गंमत म्हणजे झोपही त्याच गोतावळ्यातली. पेंग, डुलकी, झापड, तंद्री, ग्लानी, गुंगी, झिंग, नशा, सगळ्या 'ती'. कैफ आणि अंमल तेवढे पुरुष. या सगळ्या येतात, लागतात, नाहीतर चढतात, आणि माणूस बिचारा 'त्याला' होऊन बाजूला उभा. म्हणून मित्राची बाजू सावरून घेणाऱ्याच्या तोंडी "त्याला जरा लागलीय" शोभतं. गुन्हा तिचा, याचा नाही.

दुसरा साचा जागेचा: तारेत आहे, नशेत आहे, गुंगीत आहे, त्याचं विमान हवेत आहे. माणूस कुठेतरी गेलाय, परत येईल. हे लांबून मजा बघणाऱ्याचं बोलणं. एक सांभाळा: 'तारेत' म्हटलं की दारू असेलच असं नाही. पाण्याचा घोटही न घेता आपल्याच तारेत असणारे खूप असतात.

तिसरा साचा थेट निकालाचा. टाइट, टुन्न, टल्ली, तर्र, आउट. इथे 'त्याला' नाही आणि 'त्यात'ही नाही, माणूस म्हणजेच ती अवस्था. टल्ली पंजाबीतून हिंदीमार्गे आपल्याकडे आली, टाइट आणि आउट इंग्रजीतून. तर्र मात्र कानाला घरचा वाटतो आणि थोडा जुनाही. साठीच्या पुढच्या पात्राला तर्र द्या, विशीतल्याला देऊ नका. टाइट माणूस अजून उभा असतो, आउट माणूस आडवा झालेला असतो. ही अदलाबदल केलीत तर पडद्यावर जे दिसतंय त्याच्याशी संवाद भांडायला लागतो.

आणि जिला किंवा ज्याला त्या पिण्याचा रोज त्रास आहे, ते माणूस यातलं काहीच म्हणत नाही. ते म्हणतं, "ढोसून आलाय." इथे कर्ता परत वाक्यात येऊन बसतो, जबाबदारीसकट. घेतली, प्यायला, ढोसली असा राग चढत जातो.

प्यायलेला स्वतः काय म्हणतो? "मला काहीही चढलेली नाही." बस. "मी टुन्न झालोय" हे मी अजून कोणाच्या तोंडून त्या क्षणी ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी "काल फुल टाइट होतो" चालतं, त्यात थोडी फुशारकीही असते.

बाटल्यांची मापं तपासा. क्वार्टर 180 मिलीची, खंबा 750 मिलीचा. पात्राने एकट्याने खंबा संपवला असं लिहून पुढच्याच दृश्यात त्याला सरळ चालायला लावलंत तर प्रेक्षक नको तिथे हसतो.

पेंगण्याचं खातं त्यामानाने सोपं आहे, पण तिथेही क्रियापदच बघायचं. डुलकी 'लागली' तर नकळत, डुलकी 'काढली' तर ठरवून. मूल पेंगुळतं, पहारेकरी पेंगतो: एकाला मांडीवर घ्यायचं, दुसऱ्याची तक्रार करायची. माझा लाडका शब्द 'तारवटलेले डोळे', कारण जागरण की बाटली हे तो सांगत नाही. संशय शिल्लक ठेवायचा असेल तर तोच वापरा.

आता माझी फजिती. एका दृश्यात सोळा वर्षांचा मुलगा रात्री काहीतरी फुंकून घरी येतो, आई दार उघडते. मी आईला वाक्य दिलं, "टाइट होऊन आलायस?" आवाज देणाऱ्या बाई माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्यांनी हेडफोन काढला, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "अगं, टाइट दारूने होतात. आणि आई असं म्हणत नाही." मग त्यांनीच म्हणून दाखवलं: "डोळे बघ तुझे. काय घेतलंयस?" अमली पदार्थांचा शब्द कुठेच नाही, आणि 'घेतलंयस' नपुंसकलिंगी. घेतली म्हटलं असतं तर दारू झाली असती. 'घेतलंयस' म्हणजे काय घेतलंय ते तिला कळलेलंच नाही, आणि भीती तिथेच आहे.

मुलाच्या मित्रांना 'स्टोन' चालेल, 'फुंकून आलाय' चालेल. 'गर्दुल्ला' मात्र जपून. तो गर्दवाल्यांसाठी, म्हणजे ब्राऊन शुगर ओढणाऱ्यांसाठी रुळला, 1980 च्या दशकाचा वास त्याला आहे, आणि गांजा ओढणाऱ्याला लावला तर तो चुकीचाच. तसाच 'तळीराम'. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तलं ते पात्र 1919 मध्ये रंगभूमीवर आलं आणि अजून बातम्यांच्या मथळ्यांत राहतंय. बोलताना मात्र तो शब्द क्वचितच कानावर येतो. पोलिसाच्या तोंडी 'अंमली पदार्थ' द्या. अंमल म्हणजे नशा आणि अंमल म्हणजे सत्ताही, त्यामुळे पकडणारा अंमलदार आणि पकडलेला माल एकाच शब्दाची लेकरं ठरतात.

इस्पितळात यातलं काही नेऊ नका. तिथे भूल देतात, औषधाने गुंगी येते, तापात ग्लानी. साखर उतरलेला मधुमेही घामाघूम होतो, अडखळत बोलतो, झोकांड्याही खातो. त्याला पात्रांनी 'टल्ली' म्हणायचं असेल तर ती चूक आहे हे कथेने पुढे दाखवायला हवं.

शेवटी ओठ. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, आणि पडद्यावरच्या पात्राचे मिटले की आपल्या शब्दातही ते मिटायला हवेत. टुन्न, टल्ली, टाइट, तर्र यांतल्या एकालाही ते मिटत नाहीत. परवा एका दृश्यात मित्राचे ओठ प्यायलेल्याकडे बघून तीनदा मिटले. दुपारभर शब्द शोधला, मग शोधायचं सोडलं आणि लिहिलं, "झोप, बाबा."