ठोक्यावर ठोसा: ताल आणि मारामारीचा गेम बनवायला बसणाऱ्यांसाठी

युनिटी किंवा गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्र पळवता येतं, लाथ मारता येते, समोरच्याची हेल्थ कमी करता येते, इतकं येतं असं धरून लिहितेय. मी कुडाळात घरी बसून असा गेम बनवतेय. तो अजून पूर्ण झालेला नाही, त्यामुळे यशोगाथा हवी असेल तर ती इथे नाही.

आधी हे ठरवा की तुमचा गेम कुठल्या जातीचा. 2023 सालचा ‘गॉड ऑफ रॉक’ घ्या. त्यात दोघेही खेळाडू एकाच गाण्याचे ठोके पकडत असतात आणि जो जास्त अचूक पकडतो त्याचा मार समोरच्याला बसतो. त्याच वर्षी जानेवारीत आलेला टँगो गेमवर्क्सचा ‘हाय-फाय रश’ वेगळा. तिथे तुम्ही मोकळे फिरता, मोकळी मारामारी करता आणि सगळं जग गाण्याच्या तालावर हलतं. एकट्याने बनवायचा असेल तर पहिली जात घ्या. मी दुसरी घेतली आहे आणि रोज त्याचे भोग भोगतेय.

आता मुख्य गोष्ट. कंटाळा आला तरी हा भाग दोनदा वाचा.

गाण्याचा ठोका मोजायला फ्रेम, म्हणजे स्क्रीनवर एकामागून एक येणारी चित्रं, वापरू नका. डेल्टाटाइमची (दोन फ्रेममधल्या वेळेची) बेरीज करत बसू नका. नवशिके शंभरातले नव्वद हेच करतात, मीही केलं, कारण मारामारीच्या गेमचं सगळं गणित फ्रेममध्येच शिकवतात. लाथेला सुरुवातीच्या इतक्या फ्रेम, लागण्याच्या इतक्या, सावरायच्या इतक्या. तिथे ते बरोबरच आहे. पण गाणं तुमच्या फ्रेम ओळखत नाही.

हिशोब करून बघा. गाणं 128 बीपीएमचं (मिनिटाला 128 ठोके) आहे, म्हणजे एक ठोका 468.75 मिलिसेकंदांचा. 60 एफपीएसला (सेकंदाला 60 फ्रेम) त्याच्या 28.125 फ्रेम होतात. तुम्ही 28 धरल्या. दर ठोक्याला जेमतेम 2 मिलिसेकंदांची चूक, कुणाला कळणार? एका मिनिटात 128 ठोके होतात आणि चूक साचून जवळपास 267 मिलिसेकंदांवर जाते. म्हणजे अर्ध्या ठोक्याहून जास्त. खेळणारा बरोबर दाबतोय आणि स्क्रीनवर ‘चुकलं’ येतंय. अपूर्णांक धरून बेरीज केली तरी सुटका नाही. फोन मध्येच अडखळला, फ्रेम गळल्या, की गाणं आणि गेम यांची फारकत होते आणि ते पुन्हा जुळत नाहीत.

म्हणून घड्याळ एकच, आवाजाचं. युनिटीत डीएसपी टाइम नावाचं ते घड्याळ आहे, गाणं प्लेशेड्यूल्ड या कमांडने ठरलेल्या क्षणी सुरू करा. आत्ता कितवा ठोका चाललाय हे प्रत्येक फ्रेमला त्या घड्याळाला विचारा, स्वतः मोजू नका. त्यातही एक खोच आहे. हे घड्याळ सलग सरकत नाही, बफरच्या, म्हणजे एकदम तयार होणाऱ्या आवाजाच्या तुकड्याच्या, उड्या मारत जातं. 48,000 हर्ट्झला (सेकंदाला आवाजाची 48,000 मापं, म्हणजे सॅम्पल) 1024 सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण 21 मिलिसेकंदांची एक उडी. त्यावर थेट चित्र हलवलं तर ते थरथरतं. दोन उड्यांच्या मध्ये फ्रेमच्या वेळेने पुढे न्या आणि उडी आली की आवाजाच्या वेळेकडे ओढून घ्या. गोडोत शेवटच्या मिक्सनंतर (आवाजाचा शेवटचा तुकडा तयार झाल्यापासून) किती वेळ गेला आणि आवाज बाहेर पडायला किती उशीर होतो हे विचारायची सोय आहे, ती वापरा.

एवढं करूनही मित्र म्हणेल, जमत नाही. त्याच्या कानात ब्लूटूथ असणार. त्याचा उशीर सहज 150-200 मिलिसेकंद असतो. कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येकाकडचा उशीर मोजून तेवढी दुरुस्ती करणं, हवंच, आणि आवाजाचं वेगळं, चित्राचं वेगळं. आधी डोळे मिटून फक्त आवाजावर टॅप, मग आवाज बंद करून फक्त स्क्रीनवरच्या चमकेवर टॅप. एकाच स्लायडरवर भागवणारे गेम बघितले की माझं डोकं फिरतं.

हे एकदा बसलं की पुढचं सगळं तुलनेने सोपं आहे, घाबरू नका. फक्त मारामारीची एक अडचण उरते. ठोक्यावर बटण दाबलं आणि लाथ लागायला 8 फ्रेम लागल्या, तर मार ठोक्यानंतर 133 मिलिसेकंदांनी बसतो. कानाला ते बेताल वाटतं. आमच्या गावच्या जत्रेत दशावतारात पखवाज वाजवणारे एक काका आहेत, त्यांना मी हे लॅपटॉपवर दाखवलं. ते म्हणाले, “तलवार ठोक्यार उचलूची नाय गो, ठोक्यार पडाक व्हयी.” संकासुराचं युद्ध पुढच्या वेळी नीट बघा, हात आधीच निघालेला असतो. शिवाय पखवाजी नटाकडे बघत असतो. नट रेंगाळला तर तो थाप सांभाळून घेतो. गेममध्ये गाणं कुणासाठी थांबत नाही, मग हे सांभाळून घेणं तुमच्या कोडने करायचं. ‘हाय-फाय रश’मध्ये बटण वेळेवर दाबा किंवा न दाबा, वार ठोक्यावरच बसतो. वेळेवर दाबणाऱ्याला वर बक्षीस मिळतं. ही कल्पना उचला. जड वार असेल तर या ठोक्याला दाबा, पुढच्याला लागू दे.

कुठल्याही गाण्याचे ठोके आपोआप ओळखून देणारी प्लगइन मिळतात. घेऊ नका. युद्धाच्या वेळी पखवाजाची लय चढत जाते, तिथे एक ठरलेला बीपीएम नसतोच. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं लावा, दर ठोक्याला कंट्रोल-एम दाबून लेबल टाका, लेबलांची टेक्स्ट फाइल काढा आणि गेमला ती यादी द्या. हात दुखतो, पण एका दुपारचं काम आहे. गाणं डब्ल्यूएव्ही किंवा ओजीजीमध्ये ठेवा. एमपीथ्रीच्या सुरुवातीला एन्कोडर थोडी शांतता घुसवतो आणि तिथेच पहिला ठोका घसरतो. आणि गावच्या वादकांचं रेकॉर्डिंग वापरणार असाल तर लेखी परवानगी घ्या, पैसे द्या. “आपलेच आहेत” म्हणून फुकट उचलणाऱ्यांचा मला राग येतो.

कोर्सबद्दल विचाराल तर माझं मत कडू आहे. पुण्या-मुंबईच्या महागड्या क्लासमध्ये मला ऑडिओचं घड्याळ हा विषय कुणी शिकवला नाही. ‘मेंटॉर’ म्हणवणाऱ्यांपैकी ज्याने स्वतः एकही गेम पूर्ण केलेला नाही त्याला फी देऊ नका. त्यापेक्षा ग्लोबल गेम जॅममध्ये (थोड्या दिवसांत गेम बनवायचा जगभरचा उपक्रम) एका मिनिटाचं एक गाणं आणि एक शत्रू एवढाच गेम करा आणि इच.आयओ या गेमच्या वेबसाइटवर टाका, तिथे पैसे लागत नाहीत. नोकरीच्या मुलाखतीत तोच दाखवायचा.

प्ले स्टोअरची फी एकदाच 25 डॉलर. पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस चाचणीत टिकवावे लागतात. ते आत्ताच जमवायला घ्या, चतुर्थीला मुंबईची भावंडं घरी आली की त्यांचे ईमेल मागून ठेवा. त्यात दोघंतिघं तरी जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन वापरणारी बघा, फ्रेम तिथेच गळतात.