मिस्त्री घरात असताना डोकं शांत कसं ठेवायचं

घरात काम काढलं की सल्ले सुरू होतात. एक म्हणतो खुर्ची टाकून समोरच बसा, दुसरा म्हणतो गोड बोला, काही बोलूच नका. दोन्ही निरुपयोगी. खुर्ची टाकून बसलात तर तुम्ही आणि मिस्त्री दोघंही वैतागता, आणि नुसतं गोड बोलून बाथरूमची गळती थांबत नाही. कुठला उशीर सिमेंटचा आणि कुठला माणसाचा, हे आधी ओळखायला शिका, निम्मा राग तिथेच उतरतो.

सुरुवात करताना. सामान कोण आणणार, राडारोडा कोण उचलणार, कुठल्या टप्प्याला किती पैसे, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. झालं.

वाळायचे दिवस धरून चला. नव्या गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारायचं असतं. सिमेंट नुसतं वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते म्हणून ते घट्ट होतं, पाणी लवकर उडालं की गिलावा भुसभुशीत राहतो आणि बारीक चिरा पडतात. त्यामुळे त्या दिवसांत कोणी आलं नाही म्हणून चिडू नका, पाणी मारा. ओल्या भिंतीवर पुट्टी मारायचा हट्ट तर अजिबात नको, पापुद्रे निघतात. शंका असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा, दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर रंगाचं नाव काढायचं नाही.

आता खरी डोकेदुखी: 'उद्या येतो'. यावर मी सगळ्यात जास्त डोकं आपटलंय. तुमचा गिलावा वाळेपर्यंत मिस्त्री तुमच्याकडे बसून राहिला तर त्याचं पोट कसं भरणार, म्हणून तो दुसरं काम धरतो, तिथे काहीतरी अडतं, आणि तुमचा 'उद्या' पुढे सरकतो. हे सगळं लबाडीने होतं असं नाही. पण 'कधी येताय?' असं विचारलंत की फोन ठेवता यावा म्हणून तो 'उद्या'च म्हणणार, दुसरं काय म्हणेल बिचारा. त्याऐवजी विचारा, "दादा, आता पुढचं काम कुठलं आणि ते कशावर अडलंय?" मग कळतं की एक एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा जोड, मिळालेला नाही, किंवा फरशीवाला मोकळा झाल्याशिवाय प्लंबरला हातच लावता येत नाही. एल्बो आणून ठेवणं तुमच्या हातात आहे, आरडाओरडा करून फरशीवाला मोकळा होत नाही.

फोन सकाळी तो घरातून निघायच्या आधी करा, दुपारी तो दुसरीकडे मालात हात घालून बसलेला असतो. हाताखालच्या पोरासमोर त्याला झापू नका, बाजूला घेऊन बोला, नाहीतर तुमचं काम त्याच्या यादीत शेवटी गेलंच म्हणून समजा. आणि पैशांचं सरळ ठेवा: झालेल्या टप्प्याचे त्याच दिवशी द्या, न झालेल्याचे कितीही गयावया केली तरी नाही. 'सगळेच अडकवून ठेवा म्हणजे येतो' म्हणणारे लोक असतात ना, त्यांची कामं मी वर्षानुवर्षं अर्धवट बघतोय. एवढं करूनही दोनदा दिलेली वेळ पाळली नाही आणि फोनही उचलला नाही, तर हिशोब करून दुसरा माणूस बघा, तिथे संयम कामाचा नाही.

झाकण्याआधी थांबा. इथे गंमत बघा, आता घाई त्याला असते. टाइल लावायच्या आधी भिंतीतल्या पाइपची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून कुठे गळतंय का ते बघणं, झालीच पाहिजे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणीचं पाणी जायचं तोंड बंद करून पाणी भरा, पातळीला पेन्सिलने रेघ मारा आणि २४ ते ४८ तास तसंच ठेवा, खालच्या छताला ओल येते का ते बघा. थोडं पाणी उडून जातं, पण रेघेपासून चांगलंच खाली गेलं तर टाइल लावायची नाही. "एवढं नसतं हो लागत" असं ऐकावं लागेल, ऐका आणि पाणी तसंच ठेवा. पाइपांचे फोटो शेजारी मोजायची टेप धरून काढा, पुढे ड्रिल मारताना देवासारखे कामाला येतात.

परत गळलं तर 'तुम्हीच बिघडवलंत' ने सुरुवात करू नका. ओल दिसते तिथेच गळती असते असं नाही, पाणी स्लॅबमधून कुठून कुठे जातं. घरातले सगळे नळ बंद करा, टाकी किंवा फ्लश भरत नाहीये ना ते बघा आणि मीटर बघा. काटा फिरतोय म्हणजे नळाच्या लाइनमध्ये घोळ आहे. मीटर स्थिर, पण आंघोळीनंतर ओल वाढते, तर आधी सांडपाण्याची लाइन किंवा फरशी तपासायला सांगा. एवढं बघून सांगितलंत की मिस्त्री वाद घालत नाही, थेट छिन्नी काढतो.

शेवटी टाइल नाण्याने वाजवून बघा, पोकळ आवाजाच्या टाइलवर खडूने खूण करा, चार-पाच जादा टाइल माळ्यावर टाका, आणि शेवटचा हप्ता बाथरूम रोज वापरात आल्यावर द्या.