पर्मँगनेट आणि ट्रायटन एक्स-१००: गतिकीचं काम सुरू करताना

पर्मँगनेट ट्रायटन एक्स-१०० या सरफॅक्टंटचं (साबणासारख्या पृष्ठसक्रिय पदार्थाचं) ऑक्सिडीकरण करतं, त्याचा वेग मोजायचा. जांभळा रंग उतरत जातो, ५२५ नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचं रीडिंग घ्यायचं, एवढंच काम वाटतं. पण नवख्याचे दिवस वाया जातात ते सरफॅक्टंटच्या बाटलीपायी. जुन्या, वारंवार उघडलेल्या बाटलीत हवेमुळे पॉलिइथर साखळीवर पेरॉक्साइड तयार होतात आणि ते पर्मँगनेट झटकन संपवतात. पहिल्या मिनिटात रीडिंग घसरतं, मग वक्र मंदावतो. याला अभिक्रियेचा वेगवान टप्पा समजून यंत्रणा मांडायला बसू नका. थोड्या द्रावणात आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घाला, शेजारी ब्लँक (ट्रायटन नसलेलं तसंच द्रावण) ठेवा. ब्लँकपेक्षा पिवळं पडलं, तर नवी बाटली काढा.

०.०२ मोलर स्टॉकला (साठ्याच्या द्रावणाला) १०० मिलीलिटरमागे १.२९ ग्रॅम ट्रायटन लागतं (सरासरी रेणुभार ६४७ धरून). पिपेटने मोजू नका, घट्ट द्रव काचेला चिकटून राहतो. फ्लास्क हलक्या हाताने गोल फिरवा. फेस आला की खुणेपर्यंत भरता येत नाही. आम्ल सल्फ्युरिकच घ्या, कारण हायड्रोक्लोरिकमधल्या क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण होतं.

पर्मँगनेट २×१०⁻⁴ मोलर ठेवलं की शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचं माप) ०.५ च्या आसपास सुरू होतो. ट्रायटन त्याच्या किमान दहापट हवं, म्हणजे रनभर ट्रायटनची संहती जवळपास स्थिर राहते. आलेख सुरुवातीला रेंगाळून मग वेग घेत असेल, तर तयार होणारं मँगनीज(दोन) स्वतःच उत्प्रेरक झालेलं असतं. चिमूटभर मँगनीज सल्फेट घालून बघा, रेंगाळणं कमी होतं. आम्ल कमी पडलं तर मँगनीज डायऑक्साइडचे कलिल कण तयार होतात. गाळ बसत नाही, द्रावण स्वच्छ पिवळसर-तपकिरी दिसतं, म्हणून फसायला होतं. हे कण पकडायला ४२० नॅनोमीटरचं रीडिंग प्रत्येक रनमध्ये सोबत घ्याच.

खरी अडचण मायसेलचा (सरफॅक्टंटच्या रेणूंच्या पुंजक्यांचा) परिणाम शोधताना येते. ट्रायटनची सीएमसी, म्हणजे ज्या संहतीपासून मायसेल बनू लागतात ती, ०.२२ मिलिमोलरच्या आसपास. त्याखाली जाऊन दहापटीचं प्रमाण सांभाळायचं, तर पर्मँगनेट २×१०⁻⁵ मोलरवर येतं आणि शोषणांक जेमतेम ०.०५ उरतो. त्यावर काढलेल्या वेगस्थिरांकावर विसंबू नये. अशा वेळी पर्मँगनेटऐवजी सेरियम(चार) हे ऑक्सिडीकारक घेऊन ३२० नॅनोमीटरला मोजणं बरं, तिथे तेवढ्याच संहतीला दुपटीहून जास्त शोषणांक मिळतो. मात्र क्युव्हेट क्वार्ट्झची हवी.

तापमान ३० ते ४५ अंशांत ठेवा. ट्रायटनचा क्लाउड पॉइंट (ज्या तापमानाला द्रावण गढूळ होतं तो) ६५ अंशांजवळ आहे, पण आयनिक स्ट्रेंग्थ (द्रावणातल्या आयनांचं प्रमाण) स्थिर ठेवायला घातलेलं सोडियम सल्फेट तो बराच खाली ओढतं. द्रावण गढुळलं की रीडिंग उतरायचं सोडून चढू लागतं.