मॅस्टोडॉनवर नवीन आलेल्यांनो, आधी गाठोडं बांधा

ट्विटरवर (आताच्या एक्सवर) चिडून कोणी इकडं, म्हणजे मॅस्टोडॉन या तसल्याच समाजमाध्यमावर, आलं की दुसऱ्याच दिवशी विचारतं, "भाऊ, इथं तं कोणीच नाही!" नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्याकडचे बरेच जण एकदम मॅस्टोडॉनवर आले, तेव्हा मीही दारव्ह्याकडच्या आमच्या गावात, रेंजसाठी घराच्या धाब्यावर चढून, हेच म्हटलं होतं.

माणसं असतात, पण एका गावात नाही. मॅस्टोडॉन म्हणजे हजारो सर्व्हर (लोकांची खाती ठेवणारे संगणक), प्रत्येकाचा कारभारी वेगळा. तुमच्या सर्व्हरवरचं कोणीतरी ज्याला फॉलो करतं, मुख्यतः त्याचंच लेखन तिथं पोचतं. म्हणून लहान सर्व्हरवर शोध कोरा दिसतो. माणसाचं नाव सर्व्हरसकट (@नाव@सर्व्हर असं) टाकून शोधा, वीसेक जणांना फॉलो करा, हॅशटॅगही फॉलो करा. चार दिवसांत रुसून परत गेलेले मी लय पाहिले. तीन जणांना फॉलो करून गर्दीची वाट पाहत बसले होते.

सर्व्हरांचा आपसातला रोटीबेटी व्यवहार चालतो ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर, म्हणजे बोलाचालीच्या ठरलेल्या नियमांवर. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २०१८ मध्ये ते मानक केलं. त्यामुळं मॅस्टोडॉनच्याच खात्यातून पिक्सेलफेडचे फोटो, पीअरट्यूबचे व्हिडिओ, लेमीवरच्या चर्चा येतात आणि उत्तरंही देता येतात. एका सर्व्हरनं दुसऱ्याला वाळीत टाकलं की मात्र तुमचीही बोलाचाली बंद, भांडणात तुम्ही असा-नसा.

ब्लूस्काय हे ट्विटरसारखंच आणखी एक माध्यम, पण त्याचा रूळच निराळा, एटी प्रोटोकॉल. आपली शकुंतला रेल्वे आठवा: ती चालू होती तेव्हा यवतमाळहून नॅरोगेजनं निघालं की मुंबईकडं जायला मुर्तिजापूरला गाडी बदलावी लागायची. इथलं मुर्तिजापूर म्हणजे ब्रिजी फेड, दोन्हीकडचं लेखन इकडून तिकडं नेणारी सेवा. त्याच्या ब्लूस्कायवाल्या खात्याला मॅस्टोडॉनवरून फॉलो केलं की तुमचं लेखन पलीकडं दिसू लागतं. पलीकडच्यानं त्याच्या बाजूनं तसंच केलं असेल तरच त्याचं इकडं येतं. विचारल्याबिगर कोणाचं लेखन पलीकडं न्यायचं नाही, यावर इथले जुने लोक अडून बसतात. मला ते पटतं. मॅस्टोडॉनवर सहसा ५०० अक्षरं चालतात, ब्लूस्कायवर ३०० वर कापली जातात.

खासगी निरोप सर्व्हर चालवणारा वाचू शकतो. बँकेचं काही लिहू नका.

आता माझी चूक. माझा पहिला सर्व्हर एकच माणूस पदरमोड करून चालवत होता. बंद करतोय अशी सूचना त्यानं तीन महिने आधी लावली होती. माझी कापसाची वेचणी चालू. मी पाहिलीच नाही. उघडलं तेव्हा सर्व्हर गेलेला. जुना सर्व्हर जिवंत असेल तोवरच फॉलोअर नव्या खात्यावर हलवता येतात. मेल्यावर कोणाच्या हाती काही नाही बाप्पा. आणि लिहिलेलं तं तसंही सोबत येत नाही, फक्त फॉलोअर येतात.

म्हणून सेटिंगमधल्या आयात-निर्यातमध्ये जा आणि तुम्ही फॉलो करता त्यांची यादी उतरवा. पोस्टचं गाठोडं सात दिवसांतून एकदा मागता येतं, तेही मागा. ते नव्या खात्यात चढत नाही, पण आपल्याजवळ राहतं. दर महिन्याला करा. सर्व्हरच्या सूचना वाचा. वेचणी असली तरी वाचा!

माझ्या गुलाबी बोंडअळीच्या तीन हंगामांच्या नोंदींपैकी एकच पोस्ट उरली, आर्वीकडच्या एका पोरीनं तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता म्हणून.